काम नसलेल्या पदाचे वेतन

शासनाच्या किंवा नगरसंस्थेच्या सेवेतील ज्या मनुष्यापाशी, त्याचा स्वतःचा काही अपराध नसता, करावयास काम उरलेले नाही, त्याला महिन्याच्या अखेरीस वेतन देणे कायद्याला धरून आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबखात्याचा वाटतो. परंतु थोडे खोल जाऊन पाहिले म्हणजे सेवेचा करार, सार्वजनिक द्रव्याचा विनियोग आणि राज्यसंस्थेचे आपल्या सेवकांविषयीचे कर्तव्य, अशा तीन गोष्टी त्यात गुंतलेल्या आढळतात. या प्रश्नाचा आढावा घेण्यास भिवंडी हे गाव विशेष योग्य आहे. २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर लोकसंख्या नोंदविलेल्या या शहरात गेल्या वीस वर्षांत नोकर जागेवर राहिला आणि त्याचे काम मात्र दुसऱ्याकडे गेले किंवा समूळ नाहीसे झाले, असे प्रसंग एकामागून एक घडले. आणि त्याच शहरात, सरकारी कचेऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर, यंत्रमागांवर राबणारा असा मोठा कामगारवर्ग आहे की ज्याचा माग थांबला की मजुरीही त्याच क्षणी थांबते. वेतनाविषयीच्या दोन भिन्न न्यायांचे असे निकट सान्निध्य अन्यत्र क्वचितच दिसेल.

यांतील पहिला प्रसंग विजेचा. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ च्या जूनमध्ये विभाजन होऊन वितरणाचे काम स्वतंत्र कंपनीकडे आले, त्या वेळी भिवंडीत पुरविलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे मोल वसूल होत नव्हते. यावर उपाय म्हणून २६ जानेवारी २००७ पासून भिवंडी मंडलाचे वितरण टोरंट पॉवर या खाजगी कंपनीकडे फ्रँचायझी तत्त्वावर सोपविण्यात आले, आणि देशातील या पद्धतीचा तो पहिलाच मोठा प्रयोग ठरला. वीजजोडणी, मीटरवाचन, बिलवसुली आणि दुरुस्ती ही कामे एका दिवसात दुसऱ्याच्या हाती गेली. परंतु परवानाधारक म्हणून वितरण कंपनी कायम राहिल्यामुळे तिच्या कर्मचाऱ्यांच्या सेवेचा मालक बदलला नाही. मंडळाच्या विभाजनानंतर सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी अनुकूल होणार नाहीत, असे अभिवचन २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम १३३ ने आधीच दिलेले होते. त्यामुळे काम गेले म्हणून वेतन गेले, असे म्हणण्याची सोय कंपनीला उरली नाही; अन्यत्र पदस्थापना किंवा प्रतिनियुक्ती हेच मार्ग मोकळे राहिले. बदलीच्या या वाटेत काही काळ कोणी रिकामा बसला असेल, तर त्या काळाचे वेतन हा त्याच्यावरील उपकार नव्हता, ते कंपनीचे देणे होते.

दुसरा प्रसंग जकातीचा. या मुलखाचा भूगोलच जकातीने घडविला आहे. मुंबईच्या हद्दीत माल नेताच जकात भरावी लागे. यास्तव व्यापाऱ्यांनी माल हद्दीबाहेर साठवावा आणि लागेल तसा आत न्यावा, या हिशेबातून पूर्णा, काल्हेर, राहनाळ, मानकोली अशा भिवंडीभोवतालच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत गुदामांची विस्तीर्ण वसाहत उभी राहिली. पुढे मुंबई वगळता भिवंडीसह राज्यातील महापालिकांत जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला; १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटी रुपयांखालील वार्षिक उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली; आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराचा अंमल सुरू होताच मुंबईच्या मुलुंड, दहिसर, ऐरोली आणि मानखुर्द येथील नाक्यांचे कामही मध्यरात्रीपासून संपले. पावत्या फाडणारा कारकून, मालाची पाहणी करणारा निरीक्षक, रात्रपाळीचा शिपाई, या सर्वांची पदे आस्थापना अनुसूचीवर मंजूर होती, नेमणुका नियमित होत्या, आणि ज्यासाठी नेमणुका झाल्या ते काम मात्र कायद्यानेच पुसून टाकले होते. नाक्यावरील मनुष्यास मालमत्ताकर, पाणीपट्टी किंवा परवाना विभागात सामावून घेण्याचे जे हुकूम निघतात, त्यांचा कायदेशीर पाया नेमका येथे आहे: कर रद्द होतो, पण पद रद्द करण्याचा स्वतंत्र निर्णय झाल्यावाचून पद रद्द होत नाही.

तिसरा प्रसंग शाळांचा; तो अधिक संथ आणि म्हणूनच अधिक दुर्लक्षित आहे. प्राथमिक वर्गांस तीस आणि उच्च प्राथमिक वर्गांस पस्तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, हे प्रमाण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने घालून दिले. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर जी पटपडताळणी झाली तिने अनेक शाळांतील कागदी पट उघडा पाडला, आणि २८ ऑगस्ट २०१५ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटानुसार शिक्षकपदे मंजूर करण्याचे, निकष ठरविल्यावर ‘अतिरिक्त शिक्षक’ हा शब्द शिक्षण खात्याच्या रोजच्या व्यवहारात रूढ झाला. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू असे अनेक भाषिक समाज ज्या भिवंडीत नांदतात, तेथे हा प्रश्न केवळ संख्येचा राहत नाही. तेलुगू माध्यमाचा वर्ग ओस पडला म्हणून तेथील शिक्षकाला उर्दू माध्यमात पाठविता येत नाही, आणि गणिताचा शिक्षक भाषेच्या रिक्त जागेवर बसविता येत नाही. माध्यम, विषय आणि प्रवर्ग यांचा मेळ बसेपर्यंत तो शिक्षक मूळ शाळेच्या हजेरीपटावर राहतो आणि त्याचे वेतन चालू राहते. पट घटण्यास तो जबाबदार नसतो, आणि दुसरी जागा शोधण्याचा अधिकारही त्याच्या हाती नसतो.

आता या प्रसंगांमागील विधीचा विचार करू. वेतनाविषयीचा मूळ नियम असा की, पदाचा कार्यभार स्वीकारल्या दिवसापासून वेतन सुरू होते आणि पदाची कर्तव्ये संपताच ते थांबते. १९२२ च्या मूलभूत नियमांत हे तत्त्व आहे आणि राज्याच्या नागरी सेवा नियमांचाही तो पाया आहे. परंतु ‘कर्तव्य’ या संज्ञेची व्याप्ती त्याच नियमांनी हेतुपूर्वक विस्तृत ठेवली आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, १९८१ यांतील नियम ९(१४) अन्वये सक्तीच्या प्रतीक्षेचा काळ, म्हणजे अधिकारी हजर आहे, पदस्थापनेची मागणी करीत आहे, पण शासनाने त्याला अद्याप जागा दिलेली नाही असा काळ, कर्तव्यकाळ म्हणून गणता येतो. अर्थात ज्या काळात मनुष्याने एकाही कागदावर सही केलेली नाही, तोही कायद्याच्या दृष्टीने सेवेचा काळ होय. व्यवहारात मात्र अशा प्रत्येक प्रतीक्षाकाळासाठी स्वतंत्र मंजुरी लागते, आणि तोवर त्या अधिकाऱ्याचे घर उसनवारीवर चालते. हक्क निर्विवाद असूनही तो पदरी पडण्यास जो विलंब लागतो, त्याची झळ ज्याने विलंब केला त्याला न बसता ज्याचा हक्क आहे त्यालाच बसते, ही या नियमाच्या अंमलबजावणीतील मोठी उणीव आहे.

‘काम नाही, तर वेतन नाही’ हे सूत्र सर्वांच्या तोंडी असते, आणि न्यायालयांनीही ते मान्य केले आहे; परंतु त्याचे क्षेत्र कोणते, हे नीट पाहिले पाहिजे. बँक ऑफ इंडियाच्या कर्मचाऱ्यांनी २९ डिसेंबर १९७७ रोजी चार तासांचा संप केला, तेव्हा बँकेने पूर्ण दिवसाचे वेतन कापले, आणि मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ती कपात वैध ठरविली. तेथे काम उपलब्ध होते आणि कामगाराने ते नाकारले होते. पुढच्याच वर्षी जानकीरामन प्रकरणात त्याच न्यायालयाने दुसरी बाजू स्पष्ट केली: जो काम करावयास तयार आहे, परंतु ज्याला अधिकाऱ्यांनीच त्याच्या दोषावाचून कामापासून दूर ठेवले आहे, त्याला हे सूत्र सरसकट लावता येणार नाही. हाच भेद १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाच्या पंधराव्या कलमात आधीच होता. मजूर अनिच्छेमुळे कमी तास राबला तर पूर्ण दिवसाच्या मजुरीवरील त्याचा हक्क जातो. पण मालकाने काम न दिल्यामुळे तो कमी राबला तर तो हक्क जात नाही. २०१९ च्या वेतन संहितेनेही हेच तत्त्व पुढे चालविले आहे. सारांश, कायदा कामाचे प्रमाण मोजण्यापूर्वी काम का झाले नाही हे विचारतो, आणि त्या कारणाचा धनी कोण, यावर वेतनाचा निवाडा करतो.

निलंबन हा या प्रश्नाचा सर्वांत कठीण भाग होय, कारण तेथे मनुष्याविषयी संशय असतो, त्याला कामावर येण्यास शासनच मनाई करते, आणि तरीही त्याला काही रक्कम द्यावी लागते. राज्याच्या निलंबनकाळातील प्रदानांविषयीच्या १९८१ च्याच स्वतंत्र नियमांतील नियम ६८ अन्वये पहिले तीन महिने अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो. त्यानंतर चौकशीच्या विलंबास कर्मचारी कारण नसेल तर भत्ता वाढतो, कारण असेल तर घटतो. पूर्वीच्या मुंबई नागरी सेवा नियमांत अशी एक तरतूद होती की, फौजदारी न्यायालयात दोषी ठरलेल्या निलंबित सेवकाचे अपील प्रलंबित असता त्याला महिन्याला अवघा एक रुपया भत्ता द्यावा. महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रभान या १९८३ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरविली. निलंबनाने सेवेचे नाते तुटत नाही, आणि ज्याला दुसरीकडे नोकरी करण्याची मुभा नाही त्याला उपाशी ठेवणे ही शिक्षेपूर्वीची शिक्षा होते, हा त्यामागील विचार आहे. २०१५ साली न्यायालयाने तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावले नाही तर निलंबन लांबवू नये असे बजावले, आणि महाराष्ट्र शासनाने ९ जुलै २०१९ च्या निर्णयाने नव्वद दिवसांची ती मर्यादा स्वीकारली. येथे कायद्याने दोन हितांचा मेळ घातला आहे: सेवकाचा निर्वाह चालावा, आणि रिकाम्या बसलेल्या मनुष्यावर तिजोरीतील पैसा वर्षानुवर्षे खर्च होऊ नये.

मग शासनाला काम नसलेल्या सेवकाचा भार कायमचा वाहावाच लागतो काय? तसे नाही. पद निर्माण करणे आणि पद रद्द करणे हे दोन्ही शासनाचे अधिकार आहेत. १९७३ च्या रामनाथ पिल्लई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, सद्‍हेतूने पद रद्द केल्यामुळे सेवा संपली तर ती शिक्षा होत नाही, आणि घटनेच्या अनुच्छेद ३११(२) मधील चौकशीचे संरक्षण तेथे लागू होत नाही. अशा वेळी भरपाई निवृत्तिवेतनाची तरतूद आहे; केंद्र शासनाने अतिरिक्त कर्मचाऱ्यांच्या पुनर्नियुक्तीसाठी १९९० चे स्वतंत्र नियम केले आहेत; आणि तात्पुरत्या सोयीसाठी अधिसंख्य पदाचेही साधन आहे. म्हणजे काम नाही असे ठरले, तर शासनापुढे दुसरे काम देणे, पद रद्द करून नियमाप्रमाणे हिशेब चुकता करणे, किंवा निर्णय होईपर्यंत वेतन देणे, असे तीन सरळ मार्ग आहेत. पद कायम ठेवायचे, काम द्यायचे नाही, आणि वेतनही रोखायचे, असा चौथा मार्ग कायद्यात कोठेही नाही.

द्रव्याच्या विनियोगाची बाजू वेगळी तपासली पाहिजे. घटनेच्या अनुच्छेद २६६(३) अन्वये संचित निधीतील पैसा कायद्यावाचून काढता येत नाही, आणि महापालिकेचा खर्चही मंजूर पदे आणि मंजूर अंदाजपत्रक यांच्या चौकटीतच झाला पाहिजे. म्हणून लेखापरीक्षकाने विचारण्याच्या गोष्टी अशा: पद मंजूर होते काय, नेमणूक विधिवत होती काय, मनुष्य हजर होता काय, आणि त्याला काम न देण्याचे कारण दप्तरात नोंदलेले आहे काय. पहिल्या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर देणे वैध. चौथ्याचे उत्तर नकारार्थी असेल तर दोष वेतन देणाऱ्या यंत्रणेचा. याउलट, जो घरी बसून हजेरीपटावर सही करवितो, किंवा ज्याचे पदच अस्तित्वात नाही, त्याचे वेतन हा सार्वजनिक द्रव्याचा अपहार होय, आणि त्याला वरील कोणत्याही निवाड्याचा आश्रय मिळू शकत नाही. चुकून दिलेल्या रकमेच्या वसुलीवरही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये मर्यादा घातल्या आहेत. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतील सेवकांकडून किंवा निवृत्तांकडून अशी वसुली करणे अनुचित ठरविले आहे. आस्थापना खर्च पस्तीस टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन ज्या नगरसंस्थांवर आहे, त्यांच्या आयुक्तांना रिकाम्या हातांचा हा खर्च जाचतो यात नवल नाही. पण तो जाच नियोजनाने दूर करावयाचा असतो, वेतन अडवून नव्हे.

आपल्या मुलखाला हा प्रश्न नवा नाही. इंग्रजी अंमलात नव्या महसूल व्यवस्थेमुळे देशावरील देशमुख-देशपांड्यांच्या परगणे वतनदारीचे काम जवळजवळ संपुष्टात आले, तेव्हा १८६० नंतरच्या दशकात गॉर्डन समझोत्याने त्यांना सेवेच्या बंधनातून मुक्त केले, आणि ठराविक जुडी, म्हणजे हलका सारा, भरण्याच्या शर्तीवर वतनाचे उत्पन्न त्यांच्याकडे चालू ठेवले. काम संपल्यावरही उत्पन्न वंशपरंपरा चालू राहण्याची ही व्यवस्था जवळजवळ नव्वद वर्षे टिकली. स्वातंत्र्यानंतर मुंबई परगणे व कुलकर्णी वतने नाहीशी करण्याचा १९५० चा अधिनियम झाला, तेव्हा तिचा शेवट झाला. या इतिहासावरून आधुनिक सेवकाला कोणी वतनदाराच्या पंक्तीस बसवू लागेल तर तो अन्याय होईल. वतनदाराला कोणी कामावर बोलावू शकत नव्हते. पालिकेच्या कारकुनाला उद्या सकाळी कोणत्याही विभागात हजर होण्याचा हुकूम देता येतो, आणि तो हुकूम पाळणे त्याला भागच आहे. आपला वेळ आणि आपली आज्ञाधारकता त्याने राज्याच्या स्वाधीन केलेली आहे, आणि वेतन हा त्याचा मोबदला आहे.

अमेरिकेत हाच पेच उलट्या बाजूने उभा राहतो. तेथे काम असते, पण विधिमंडळाने खर्चाला मंजुरी न दिल्यामुळे पैसा नसतो. आणि विनामूल्य सेवा स्वीकारण्यासही १८८४ पासूनच्या कायद्याने मनाई असल्यामुळे अत्यावश्यक नसलेल्या सेवकांना सक्तीने घरी बसवावे लागते. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या पस्तीस दिवसांच्या कार्यबंदीत हे घडले, आणि त्याच जानेवारीत कायदा होऊन घरी बसविलेल्या सेवकांना त्या काळाचे वेतन मागाहून देण्याचे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले. इतक्या भिन्न राज्यव्यवस्थेतही निष्कर्ष तोच निघाला: राज्याच्या अंतर्गत अडचणीचा भुर्दंड सेवकावर पडू नये. आपल्याकडे करोनाच्या साथीत महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० चे वेतन टप्प्याटप्प्याने दिले. आंध्र प्रदेशातील अशाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये वेतन हा सेवकाचा न्याय्य हक्क असल्याचे सांगून लांबविलेल्या रकमेवर सहा टक्के व्याज देवविले.

आणि याच ठिकाणी भिवंडीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे पाहणे प्राप्त आहे. त्याच २०२० च्या मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिकांची विशेष गाडी निघाली, कारण ज्यांचे माग थांबले होते त्यांच्या हाती मजुरी नव्हती. यंत्रमागाचा कामगार कापडाच्या उताऱ्यावर पैसे मिळवितो. सूत आले नाही, बीम लागला नाही, वीज गेली, बाजार मंदावला, यांतील एकही कारण त्याचे नसताना त्याचा दिवस बुडतो. औद्योगिक विवाद अधिनियमात कामबंदीच्या काळात अर्ध्या वेतनाची भरपाई होती, पण पन्नासांहून कमी कामगारांच्या आस्थापनांना ती लागू नव्हती, आणि भिवंडीचे बहुतेक कारखाने लहान आहेत. काम न देण्याचा दोष कामगारावर ठेवू नये, हे तत्त्व केवळ सरकारी नोकराच्या सोयीसाठी निर्माण झालेले नाही. महाराष्ट्रानेच वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९७७ चा रोजगार हमी अधिनियम केला, आणि मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम देता आले नाही तर ग्रामीण मजुराला बेकारी भत्ता देण्याचे बंधन शासनावर घातले. खडी फोडणाऱ्या मजुरासाठी जो न्याय आपण पन्नास वर्षांपूर्वी मान्य केला, तो शहरातील माग चालविणाऱ्यापर्यंत अद्याप पोहोचलेला नाही.

या साऱ्या विवेचनाचे सार असे की, काम नसलेल्या सेवकाला वेतन देणे, पद मंजूर असेल, नेमणूक विधिवत असेल आणि सेवक तयार व हजर असेल तर, निःसंशय कायदेशीर आहे; परंतु ते कायदेशीर असल्यामुळेच शासनावरील दुसरे कर्तव्य अधिक कठोर होते. सार्वजनिक सेवेतील मनुष्यबळ ही जनतेची ठेव आहे आणि ती पडीक ठेवणे हा प्रशासनाचा दोष आहे. यास्तव प्रत्येक नगरसंस्थेने आणि खात्याने अतिरिक्त, प्रतीक्षाधीन आणि निलंबित सेवकांचे विवरण, त्यांवर झालेला खर्च आणि विलंबाचे कारण यांसह, वर्षातून दोनदा महासभेपुढे किंवा विधिमंडळापुढे ठेवावे; कोणतेही काम बाहेरच्या संस्थेकडे सोपविण्यापूर्वी त्यावरील सेवकांच्या समायोजनाचा आराखडा मंजूर करून घ्यावा; आणि प्रतीक्षाकाळाचे वेतन दरमहा आपोआप मिळण्याची सोय करावी. भिवंडीत मालमत्तेच्या नोंदी आहेत, गळक्या नळवाहिन्या आहेत, जीर्ण इमारतींची पाहणी आहे, कामगारवस्त्यांतील आरोग्यसेवा आहे. तेथे माणसाला काम नाही असे म्हणण्याजोगी स्थिती वस्तुतः नाही, काम आणि माणूस यांची गाठ घालून देणारा निर्णय तेवढा वेळेवर होत नाही. सरकारी सेवकाचे वेतन बंद करून मागावरच्या कामगाराला काहीही मिळणार नाही. परंतु ज्या तत्त्वाने पहिल्याचे वेतन सुरक्षित राहते ते दुसऱ्यासही लागू केले, तर मात्र त्या तत्त्वाला पक्षपाताचा डाग उरणार नाही, आणि ते करणे कायदेमंडळाच्या पूर्ण अधिकारात आहे.